मुंगळे आणि गांधीलमाश्या सोबत्यांना कसे ओळखतात, हे घरच्या घरी कसे तपासावे

एका वारुळातल्या मुंग्या दुसऱ्या वारुळातून आलेल्या मुंगीवर तुटून पडतात आणि आपल्या मुंगीला मात्र मिशा लावून पुढे जाऊ देतात, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. त्यावरून मुंग्या एकमेकींना ओळखतात असे लिहून टाकणे घाईचे होईल. गणवेश पाहून मूल कोणत्या शाळेचे आहे ते कळते, त्याचे नाव कळत नाही. वारुळाच्या दारातली ओळख बहुधा याच प्रकारची असते. ‘ही आपल्यातली आहे’ हे कळणे आणि ‘काल जिची माझी गाठ पडली ती हीच’ हे लक्षात राहणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. विज्ञान प्रदर्शनात मांडले जाणारे या विषयावरचे प्रकल्प बहुतेक वेळा पहिली क्षमता तपासतात आणि तक्त्यावर निष्कर्ष दुसरीचा लिहितात. पुढे दिलेली पद्धत हा घोळ टाळण्यासाठीच आखलेली आहे. ती सोलापुरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि हौशी निरीक्षकांना विशेष खर्चाशिवाय वापरता येईल.

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी आजवर काय सिद्ध झाले आहे ते माहीत असावे. मुंगीच्या अंगावर मेणासारखा अतिशय पातळ थर असतो आणि त्यातल्या हायड्रोकार्बन संयुगांच्या कमीअधिक प्रमाणामुळे प्रत्येक वसाहतीचा एक वास तयार होतो. मुंग्या एकमेकींना चाटतात, तोंडातून तोंडात अन्न देतात आणि घशालगतच्या एका ग्रंथीत हे मिश्रण साठवून पुन्हा परस्परांच्या अंगावर पसरवतात, त्यामुळे हा वास सर्वांचा सामाईक होतो. जपानमधल्या एका मोठ्या मुंगळ्याच्या मिशीवरचा विशिष्ट संवेदी केस परक्या वसाहतीच्या वासाला प्रतिसाद देतो आणि स्वतःच्या वसाहतीच्या वासाला देत नाही, असे 2005 मध्ये दाखवण्यात आले. अन्नाचाही या वासावर परिणाम होतो. अर्जेंटिनी मुंग्यांना एका विशिष्ट जातीची झुरळे खायला घातली तेव्हा त्यांच्या अंगाला त्या झुरळांची संयुगे लागली आणि त्यांच्याच वसाहतीतल्या मुंग्यांनी त्यांच्यावर हल्ला केला. हा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. या सगळ्यात कोणी कोणाला व्यक्तिशः लक्षात ठेवल्याचा पुरावा नाही.

व्यक्तिशः ओळखीचा पुरावा मिळाला तो मोजक्याच जातींमध्ये. उत्तर अमेरिकेतल्या पोलिस्टेस फस्कॅटस या गांधीलमाशीच्या चेहऱ्यावर पिवळ्या-तपकिरी रंगांची नक्षी असते आणि ती माशीगणिक वेगळी असते. एलिझाबेथ टिबेट्स यांनी 2002 मध्ये काही माश्यांच्या चेहऱ्यांवर रंगाचे ठिपके देऊन ही नक्षी बदलली. पोळ्यावरच्या सोबतिणींनी त्या माश्यांशी आधीपेक्षा जास्त आक्रमक वर्तन केले आणि नव्या चेहऱ्याची सवय झाल्यावर हा विरोध मावळला. ज्या माश्यांना रंग लावला पण नक्षी बदलली नाही, त्यांच्या वाट्याला हा त्रास आला नाही. मधल्या काळात इतर अनेक माश्यांशी गाठ पडूनही एक माशी दुसरीला आठवडाभराने ओळखते, हे टिबेट्स आणि मायकेल शीहान यांनी 2008 मध्ये दाखवले. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या पॅचिकॉन्डिला व्हिलोसा या मुंगीच्या राण्या एकत्र येऊन वसाहत उभी करतात. त्या एकमेकींना चेहऱ्याने नव्हे, अंगच्या वासाने व्यक्तिशः ओळखतात, हे पॅट्रिझिया देत्तोरे आणि युर्गेन हाइन्झे यांनी 2005 मध्ये सिद्ध केले. मधमाश्यांची गोष्ट वेगळी आहे. हजारोंच्या पोळ्यात पहारेकरी माशीला नावगाव लक्षात ठेवून काही उपयोग नसतो आणि तिचे काम वासावर भागते. म्हणूनच मधपाळ दोन पेट्या एकत्र करताना मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालतात. माश्या तो कुरतडून संपवेपर्यंत दोन्हीकडचे वास मिसळलेले असतात.

कीटक आणि जागा

सुरुवात मुंगळ्यांपासून करावी. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या बुंध्यापाशी जमिनीत घर करणारा आणि झाडावरच्या रसशोषक किड्यांचा गोड स्राव गोळा करणारा मोठा काळा मुंगळा, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, सोलापुरात शोधावा लागत नाही. त्याला नांगी नसते. तो चावतो आणि चावल्या जागी फॉर्मिक आम्ल सोडतो, त्यामुळे चुरचुरते, एवढेच. दोन वेगळ्या वसाहती हव्या असतील तर शेजारशेजारची दोन झाडे निवडू नयेत, कारण त्या एकाच वसाहतीच्या वाटा असू शकतात. एक नमुना सिद्धेश्वर तलावाच्या बाजूचा आणि दुसरा विजापूर रस्त्याकडचा, इतके अंतर ठेवले म्हणजे शंका राहत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून मात्र परवानगीशिवाय एक मुंगीही उचलू नये.

गांधीलमाश्यांपैकी आपल्या कामाची आहे ती रोपालिडिया मार्जिनाटा. दक्षिण भारतात ही सर्वत्र आढळते. ती सुमारे एक-सव्वा सेंटिमीटर लांबीची असून काळपट तपकिरी पोटावर पिवळा पट्टा असतो. तिचे कागदी पोळे एका बारीक देठावर लटकलेले असते आणि त्यावर आवरण नसल्यामुळे सगळी घरे उघडी दिसतात, हा निरीक्षकाचा मोठा फायदा. जुन्या माळवदी घरांच्या ओसरीतली तुळई, यंत्रमागाच्या शेडमधल्या खिडक्या, जिन्याखालचा कोपरा, सिमेंटच्या जाळ्या अशा ठिकाणी शोधल्यास ती सापडते. माळवदे पाडून स्लॅबची घरे उठत असली तरी या माशीचे काही अडत नाही, तिला खिडकीची पडदी पुरते. घरमालकाला आधी भेटून पोळे न जाळण्याचे कबूल करून घ्यावे, कारण आपल्याकडे पोळे दिसले की टेंभा पेटवण्याची रीत आहे आणि अभ्यास त्याच संध्याकाळी संपतो. मातीचे घर करणारी कुंभारमाशी एकटी राहते, म्हणून ती या अभ्यासात येत नाही.

खूण करणे

आपल्यालाच माश्या किंवा मुंगळे वेगळे ओळखता आले नाहीत तर ते एकमेकांना ओळखतात की नाही हे तपासण्याला अर्थ नाही. म्हणून सर्वांत जास्त वेळ आणि काळजी खुणा करण्यात घालवावी. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांसाठी वापरलेली अंकपद्धत आजही उत्तम आहे: छातीच्या पुढच्या कडेला पांढरा ठिपका म्हणजे 1, लाल 2, निळा 3, पिवळा 4, हिरवा 5, हेच रंग मागच्या कडेला दिले की 6 पासून 9 आणि शेवटी 0. मुंगळ्याची छाती अरुंद असल्याने त्याच्या पोटाच्या फुगीर भागावर पुढे एक आणि मागे एक असे दोन ठिपके द्यावेत. पाच रंगांत पंचवीस वेगळ्या जोड्या होतात आणि एका वेळच्या तुकडीला तेवढ्या भरपूर आहेत.

मुंगळे एका झाकणाच्या काचेच्या बाटलीत घेऊन ती बाटली बर्फाच्या तुकड्यांवर काही मिनिटे ठेवावी. हालचाल मंदावली की बाहेर काढावे. फ्रीजरमध्ये ठेवू नये, त्यात ते मरतात. रंगासाठी पाण्यात मिसळणारा जाड ॲक्रिलिक रंग आणि खराट्याच्या हिराचे टोक पुरेसे आहे. ठिपका बाजरीच्या दाण्याहून बराच लहान असावा आणि तो सांध्यावर, डोळ्यांवर, मिशांवर किंवा पोटाच्या बाजूच्या श्वासरंध्रांवर जाऊ देऊ नये. सोलापूरच्या कोरड्या हवेत, विशेषतः मार्चनंतर, रंग हिराच्या टोकावरच वाळून त्याची गोळी होते आणि ती मुंगळ्याच्या अंगावर न चिकटता घरंगळते. म्हणून प्रत्येक ठिपक्यासाठी टोक पुसून नव्याने बुडवावे आणि पंखा बंद ठेवावा. शुद्धीवर आलेला मुंगळा पहिल्यांदा मागचा पाय पोटावरून फिरवून ठिपका खरवडण्याचा प्रयत्न करतो. त्यातून जो ठिपका टिकतो, तोच पुढे काही दिवस टिकतो.

रंगालाही वास असतो, ही गोष्ट कधीही विसरू नये. खूण केल्यावर किमान काही तास जाऊ द्यावेत आणि प्रयोगातल्या प्रत्येक प्राण्याला सारख्याच प्रमाणात रंग लावावा, मग तो आपला असो की परका. टिबेट्स यांनी नक्षी न बदलता रंगवलेल्या माश्या बरोबरीने का ठेवल्या होत्या, याचे कारण हेच.

पहिला प्रयोग: वसाहतीची ओळख

बोटभर उंचीच्या काठाची, सपाट बुडाची काचेची वाटी घ्यावी. मुंगळे वर चढू नयेत म्हणून बिनवासाची टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून काठाच्या आतल्या बाजूला तिचा पट्टा लावावा आणि वाळू द्यावा. घरातली नेहमीची सुगंधी पावडर चालणार नाही, कारण सगळा प्रयोगच वासाचा आहे. वाटीत एक मुंगळा सोडून त्याला दोन-तीन मिनिटे स्थिरावू द्यावे आणि मग दुसरा सोडावा. निम्म्या जोड्यांत दुसरा मुंगळा त्याच वसाहतीतला असावा आणि निम्म्यांत परक्या वसाहतीतला. पाच मिनिटे पाहून वर्तनाला शून्य ते चार गुण द्यावेत: दुर्लक्ष केले तर शून्य, मिशांनी चाचपले तर एक, जबडा उघडून रोखले किंवा मागे सरले तर दोन, चावून ओढले तर तीन, पोट वाकवून आम्ल सोडत झोंबले तर चार. चार गुणांचे वर्तन सुरू होताच दोघांच्या मध्ये कागद सरकवून झोंबी थांबवावी. मुंगळे मारून मिळणारी अधिकची माहिती काहीच नसते.

गुण देणाऱ्याला कोणता मुंगळा कुठला हे माहीत नसावे. एकाने खुणांची यादी पाकिटात बंद करून ठेवावी, दुसऱ्याने केवळ ‘लाल-पांढरा’ आणि ‘निळा-हिरवा’ एवढेच पाहून नोंद करावी आणि पाकीट सगळ्या जोड्या संपल्यावरच उघडावे. माझ्या मते, शालेय प्रकल्पात ही एक अट पाळली तरी त्याचा दर्जा निम्म्याने वाढतो. प्रत्येक मुंगळा एकदाच वापरावा, प्रत्येक जोडीनंतर वाटी स्पिरिटने पुसून वाळवावी, आणि प्रत्येक प्रकारच्या दहा-पंधरा तरी जोड्या व्हाव्यात. गुण हे मोजमाप नसून श्रेणी आहे, म्हणून सरासरीऐवजी मध्यक काढावा.

अन्नाचा परिणाम पाहायचा असल्यास एकाच वसाहतीतले मुंगळे दोन डब्यांत विभागून एका डब्याला गुळाचे पाणी व झुरळांचे तुकडे आणि दुसऱ्याला गुळाचे पाणी व उकडलेल्या अंड्याचा बलक असा आहार काही आठवडे द्यावा आणि नंतर त्यांची गाठ घालावी. मुंगळे परत सोडताना ज्या बुंध्यापासून घेतले तिथेच सोडावेत. तिथे त्यांच्या सोबत्यांकडून त्यांची होणारी तपासणीही नोंदवून ठेवण्यासारखी असते.

दुसरा प्रयोग: तीच की दुसरी

इथे प्रश्न अवघड होतो, म्हणून आखणी घट्ट हवी. पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री दिव्यांच्या आसपास पंख गाळलेल्या मुंगीराण्या जमिनीवर फिरताना सापडतात. एकाच जातीच्या चार राण्या घेऊन त्यांना अ, ब, क, ड म्हणावे. अ आणि ब यांना एका डबीत, क आणि ड यांना दुसऱ्या डबीत, मध्ये बारीक जाळीचा पडदा घालून चोवीस तास ठेवावे. जाळीतून मिशा पोचतात पण जबडे पोचत नाहीत, म्हणून ओळख होते आणि इजा होत नाही. पुढचे चोवीस तास चौघींना स्वतंत्र ठेवावे. त्यानंतर अ आणि ब यांची पुन्हा गाठ घालावी, आणि अशाच दुसऱ्या चौकडीत अ ची गाठ ब ऐवजी ड शी घालावी. दोन्ही गाठींत समोर येणारी राणी कोणाच्या तरी शेजारी राहून मग एकटी राहिलेली असते, तिची माती तीच, आहार तोच. फरक एवढाच की एकदा ती ओळखीची असते आणि एकदा नसते. हा समतोल सांभाळला नाही, म्हणजे ‘अनोळखी’ राणी थेट बाहेरून आणून सोडली, तर मिळणारा फरक एकटेपणाचा की आठवणीचा हे सांगता येत नाही. पॅचिकॉन्डिला राण्यांवरच्या प्रयोगांत चोवीस तासांच्या ताटातुटीनंतरही ओळख टिकून होती. आपल्याकडच्या जातीत काय होईल याचा अंदाज आधी बांधू नये. गुण देण्याची आणि पाकिटाची पद्धत पहिल्या प्रयोगासारखीच ठेवावी.

ओळखीची राणी शांतपणे स्वीकारली गेली तरी ‘ओळखीचे आणि अनोळखी यांतला फरक कळतो’ इतकेच लिहावे. दोन ओळखीच्या राण्यांपैकी कोणती कोण, हे कळते असे म्हणण्यासाठी एकाच राणीला दोन शेजारणी द्याव्या लागतील, एकीशी भांडण आणि दुसरीशी सलोखा घडू द्यावा लागेल, आणि नंतर ती दोघींशी वेगळे वागते का हे पाहावे लागेल.

गांधीलमाशीचे पोळे: नुसते पाहणे

गांधीलमाश्यांवर वाटीतले प्रयोग घरी करू नयेत. पूर्वी कधी माशी चावल्यावर अंगभर गांधी उठल्या असतील, श्वास लागला असेल किंवा चक्कर आली असेल, अशा व्यक्तीने पोळ्याजवळ जाऊच नये. अशी लक्षणे दिसताच 108 क्रमांकाला फोन करावा. इतरांनी पोळ्यापासून मीटरभर दूर, थोडे बाजूला बसावे, अत्तर लावू नये, आणि पोळ्यावर श्वास सोडू नये. उन्हाळ्यात दहा वाजायच्या आत निरीक्षण आटोपावे. दुपारी पारा चाळिशीच्या पुढे गेला की माश्या पाणी आणण्यात आणि पंखांनी पोळे थंड ठेवण्यात गुंततात आणि एकमेकींशी असलेले व्यवहार कमी दिसतात.

ठिपके द्यायचे असतील तर ते डिसेंबर-जानेवारीतल्या थंड पहाटे, माश्या आखडलेल्या असताना, लांब हिराने आणि अनुभवी प्रौढ व्यक्तीनेच द्यावेत. ते जमत नसेल तर मोबाइलने झूम करून छायाचित्रे घेऊन पंखाच्या फाटक्या कडा आणि पोटावरच्या पिवळ्या पट्ट्याचा आकार यांवरून माश्या वेगळ्या करता येतात. पाच मिनिटे पाहणे आणि एक मिनिट थांबणे असा क्रम ठेवावा. कोण बसून आहे, कोण घरांत डोकावते, कोण बाहेरून आळीचे मांस किंवा कागदाचा लगदा घेऊन येते, आणि कोण कोणाला टोचते, पाठलाग करते, चावते किंवा अंगावर चढून बसते, हे लिहावे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी 1983 मध्ये अशाच नोंदींवरून या माश्यांचे बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेरून आणणाऱ्या असे तीन गट केले.

भांडणांची नोंद ‘कोणी कोणाला’ अशा चौकटींच्या तक्त्यात करावी. लाल ठिपक्याची माशी पिवळीला वारंवार टोचते आणि तितक्याच जवळ बसलेल्या निळीला टोचत नाही, असे दिसले तर मन लगेच व्यक्तिशः ओळखीकडे धावते. तिथे आवरावे. पोलिस्टेस डॉमिनुला या जातीत चेहऱ्यावरचे काळे डाग माशीचा दर्जा सांगतात, असे 2004 मध्ये टिबेट्स आणि जेम्स डेल यांनी दाखवले; तिथे समोरची माशी किती बलवान आहे हे कळते, ती कोण आहे हे कळण्याची गरज नसते. आपल्या माशीतही टोचण्यामागे अंगाचा वास किंवा अंडाशयाची स्थिती असू शकते. नव्या पिढीतल्या माश्यांना घराबाहेर आल्यावर पोळ्याचा आणि सोबतिणींचा सहवास मिळाला तरच त्या आपले-परके ओळखतात, हे या जातीत 1988 मध्ये तपासले गेले आहे. चेहरे लक्षात ठेवल्याचा पुरावा मात्र या जातीत नाही.

राणी कोण हे भांडणांवरून शोधू नये. या जातीतली राणी विलक्षण शांत असते आणि पोळ्यावर पोट घासत फिरताना दिसते. तिच्या ग्रंथीतला स्राव पोळ्यावर पसरून राणी असल्याची वर्दी देतो. रिकाम्या घरात पोट घालून अंडे देणारी माशी दिसली की तिचा ठिपका लिहून ठेवावा. राणी एखाद्या दिवशी परतली नाही, तर अर्ध्या तासाच्या आत एक माशी एकाएकी प्रचंड आक्रमक होते आणि इतर माश्या तिला विरोध करत नाहीत. ही वारस आपल्याला आधी ओळखता येत नाही, पण माश्यांना ती माहीत असते, असे गदगकर आणि अनिंदिता भद्रा यांनी 2008 मध्ये पोळ्याचे जाळीने दोन भाग करून दाखवले. नारिंगी पट्ट्याची मोठी गांधीलमाशी, व्हेस्पा ट्रॉपिका, अशा पोळ्यांवर धाड घालते. म्हणून बंगळूरच्या प्रयोगशाळेत पाऊण सेंटिमीटर छिद्रांची जाळी वापरतात, तिच्यातून लहान माशी जाते आणि मोठी अडते. ओसरीतल्या पोळ्यासमोरही तशी जाळी लावता येते.

राणी नाहीशी झाल्याचे लक्षात आले तर त्या दिवशीची जास्तीत जास्त सत्रे घ्यावीत आणि आक्रमक झालेल्या माशीच्या मागच्या सर्व नोंदी काढून तिचे आधीचे वर्तन काय होते ते पाहावे. तिचे पहिले अंडे साधारण आठवड्याने दिसते; तोपर्यंत रोज सकाळी रिकाम्या घरांचा नकाशा काढून ठेवावा, म्हणजे नवे अंडे कोणत्या घरात आणि कोणाच्या पाळतीखाली आले ते सांगता येईल.